टोळीचं तेल आणि बाबूजींची कार्बाईन

१ नोव्हेंबर १९५५, मंगळवार. मुक्काम मूल, जिल्हा चांदा.

आजपासून डायरी. स्पोर्ट्समन माणसाचं रेकॉर्ड पाहिजे.

काल चांद्याला डी. सी. ऑफिसात गेलो होतो, लायसन्सच्या कामाने. तिथला कारकून म्हणाला, मालगुजारी गेली, आता बापाची बंदूक आहे एवढ्यावर बंदूक ठेवता येणार नाही. कारण लागेल. कारणं दोनच. एक, पिकाचं रक्षण. त्याला पटवाऱ्याची सही आणि गावकऱ्यांचे अंगठे. दुसरं, स्पोर्ट. त्याला २६ जानेवारीच्या जिल्हा रायफल कॉम्पिटिशनमध्ये शंभरात साठ मार्क. दोन्ही नसेल तर ३१ जानेवारीला बंदूक ठाण्यात जमा.

मी ताबडतोब स्पोर्ट म्हटलं. त्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. इम्प्रेस झाला असावा.

घरी आल्यावर बायको, मनकर्णा, म्हणाली, डुकरं वावरातली लाखोळी खाऊन राह्यले, तेच लिहून द्या न, काऊन चांद्याले जाता. म्हणजे बाबूजींची अमेरिकन कार्बाईन मी डुकराच्या नावावर ठेवू? मी नागपूरला इंटरपर्यंत शिकलेला माणूस. विषय बंद केला.

कार्बाईनबद्दल लिहून ठेवतो. आखूड नळी, मागे लाकडी कुंदा, खाली लिव्हर. लिव्हर ओढून सोडली की पुढचं काडतूस आपोआप वर. काडतूस पिस्तुलातलंच, बुटकं, चव्वेचाळीस बोअरचं. बाबूजी असताना मला म्हणायचे, लटारू, हात लावू नको. मी बत्तीस वर्षांचा होईपर्यंत म्हणत होते. बाबूजी गेले त्याला तीन वर्षं झाली. आता मी रोज हात लावतो. कधी कधी नुसता मांडीवर घेऊन बसतो. त्यांच्या तंबाखूचा वास अजून कुंद्याला येतो. ही ठाण्यात गेली तर मला सहन होणार नाही.

रिझोल्यूशन: उद्यापासून पहाटे पाचला उठणे. प्रॅक्टिस. मॅच सकाळी सातची आहे, त्यामुळे पहाटेच पाहिजे.

२ नोव्हेंबर.

सव्वाआठ. मनकर्णाने उठवलं नाही.

४ नोव्हेंबर.

साडेआठ. तिने उठवलं होतं म्हणे. आठवत नाही. दिवाळीनंतर सुरू करू. सणाच्या तोंडावर शरीराला धक्का देऊ नये.

२१ नोव्हेंबर, सोमवार.

दुपारी दोनला वावरात पहिली प्रॅक्टिस. दुपारच बरी, उजेड चांगला. पन्नास यार्डांवर बांबूला टोपलं बांधलं. बाबूजींच्या डब्यात काडतुसं एकूण चौतीस, दहा मॅचला लागतील. पाच झाडली. पाचही गोळ्या टोपल्याच्या खाली, धुऱ्यात, बांधाच्या मातीत.

डायग्नोसिस: नळीच्या टोकावरची माशी उंच आहे. माशी उंच म्हणजे गोळी खाली. हे सायन्स आहे.

वारलू सोबत होता. वारलू म्हणजे बाबूजींचा जुना शिकारी, गोंड माणूस, आता आमच्या वावराची जागल करतो. तो म्हणाला, मालक, माशी बरोबर हाय, तुमी चाप ओढता तवा डोळे मिटता. मी त्याला समजावलं की ते कॉन्सन्ट्रेशन आहे.

२३ नोव्हेंबर.

माशी कानशीने घासली. स्वतः.

२४ नोव्हेंबर.

गोळ्या आता टोपल्याच्या वरून जातात. एक तर मोहाच्या फांदीत लागली. थोडं जास्त घासलं गेलं, पण हरकत नाही. टेक्निक शोधलं आहे. टोपल्यावर नेम धरायचाच नाही, टोपल्याखाली दोन हात जमिनीवर धरायचा. चांद्याला सगळे चकित होतील.

२९ नोव्हेंबर.

टेक्निक सोडलं. वारलूने माशीवर साळिंदराच्या काट्याचा पांढरा तुकडा लाखेने चिकटवून दिला. माशी पुन्हा पहिल्याइतकी उंच झाली, शिवाय मस्त दिसते. त्याने एकच गोळी झाडून पाहिली, टोपल्याच्या मधोमध भोक. असं काही करावं हे माझ्या मनात आलंच होतं, फक्त बोललो नव्हतो.

११ डिसेंबर, रविवार.

मूलच्या बाजारात बिरजू सायकलवाल्याकडे गेलो. चाप फार जड आहे. चांगल्या नेमबाजाचा चाप लोण्यासारखा असतो असं नागपूरला एका कॅप्टनकडून ऐकलं होतं. बिरजू म्हणाला, सायकलचं ब्रेक सांगा, बंदुकीतलं मले समजत नाई. मी म्हटलं, तू घास, मी आहे. त्याने मूळची कमान काढून ठेवली आणि सायकलची नरम कमान घासून बसवली. पुन्हा पुन्हा विचारत होता, भाऊ, नक्की न. या लोकांत कॉन्फिडन्स नाही.

१२ डिसेंबर.

सकाळी घरात लिव्हर ओढून पाहत होतो. लिव्हर जोरात बंद केली, चापाला बोटही लावलं नाही, आणि बार उडाला. गोळी ढोलीत. आपली मोठी, बांबूची, शेणाने लिंपलेली धानाची ढोली. भोकातून धान वाहायला लागलं ते थांबेचना. मी बोट घातलं. बोट काढलं की धान. मनकर्णा अंगणातून येईस्तोवर तसाच उभा.

तिने भोकाखाली टोपलं ठेवलं. म्हणाली, डुकरं तरी वावरातच खातात.

काडतूस आत राहून गेलं होतं. कबूल करतो. पण मूळ चूक बिरजूची.

१४ डिसेंबर.

बिरजूने मूळची कमान शोधून परत बसवली. चाप पुन्हा जड. जडच बरा. कॅप्टन फार मोठा नेमबाज नसावा.

२० डिसेंबर, मंगळवार.

थंडी कडक. पाचला उठण्याचा कार्यक्रम संक्रांतीपर्यंत स्थगित. जेवणही उशिरा. भाजीचं टोळीचं तेल, म्हणजे मोहाच्या बियांचं, शिशीत थिजून पांढरं झालेलं, ते चुलीजवळ ठेवून पातळ होईस्तोवर मला पाटावर ताटकळत बसवलं. बायकांना प्लॅनिंग नसतं.

आज पटवारी घरी येऊन गेला. मी वावरात होतो. कॉम्पिटिशनची बातमी ऐकून शुभेच्छा द्यायला आला असेल. चांगला माणूस आहे.

१ जानेवारी १९५६, रविवार.

नवीन वर्ष. रिझोल्यूशन: १) पहाटे पाच. २) मॅचपर्यंत कोणाचं ऐकायचं नाही. लोकांचं ऐकून ऐकून बंदूक बिघडत गेली.

संध्याकाळी मनकर्णाच्या हाताला शाई दिसली. शेजारच्या आयाबायाही अंगठे पुसत जात होत्या. विचारलं. म्हणाली, काम होतं. बचतीचं काही तरी असेल. मी फार खोलात गेलो नाही, माझ्या डोक्याला सध्या एकच विषय आहे.

८ जानेवारी, रविवार.

मोठा शोध.

बाबूजींच्या वेळची बंदुकीच्या तेलाची बाटली माझ्या हातून पडून सांडली. वाईट वाटलं, पण त्यातूनच विचार सुचला. दुपारी वारलू ओसरीत बसून कुंद्याला टोळीचं तेल चोळत होता. लाकूड काय चमकून राह्यलं होतं. मला एकदम कळलं. बाबूजींच्या बंदुकीचं गुपित हेच. इतकी वर्षं बंदूक कशावर चालली? मोहाच्या बियांच्या तेलावर. देश स्वतंत्र झाला, दुसरी पंचवार्षिक योजना येऊन राह्यली, बंदूक अमेरिकन असली तरी तेल स्वदेशी का नसावं?

वारलू म्हणाला, मालक, हे लाकडाले हाय, आतमधी नाई टाकाचं. मी विचारलं, का. तो म्हणाला, बाबूजी नाई टाकत होते. हे काय कारण झालं? रिझोल्यूशन नंबर दोन आठवलं. घोडा, कमान, लिव्हर, सगळीकडे भरपूर ओतलं. दुपारच्या उन्हात लिव्हर अशी सुळकन चालली की मला स्वतःचं कौतुक वाटलं.

मनकर्णा चुलीपाशून म्हणाली, थंडीत थिजते न ते. मी तिला नीट समजावलं. भाजीत असतं तेव्हा ते भाजीचं तेल असतं. बंदुकीत गेलं की ते बंदुकीचं तेल. ती हसली. समजलं असावं.

१६ जानेवारी.

दुपारी तीन. सहा गोळ्या, चार टोपल्यात. चार! साठ मार्क म्हणजे आता हातचा मळ. परत आणखी तेल घातलं.

पाचला उठणं रद्द. ज्याला येतं त्याला वेळेची अडचण नसते.

२५ जानेवारी, बुधवार. चांदा, धर्मशाळा.

वारलूला घेऊन गाडीने आलो. उद्या सकाळी सात. दहा गोळ्या, पन्नास यार्ड, दहा मिनिटं. झेंडावंदन मॅचनंतर.

धर्मशाळेत फॉर्म भरला. नावापुढे एल. एस. म्हशाखेत्री लिहिलं. माझ्या आधीची दोन लेकरं गेली म्हणून आईने माझं नाव लटारू ठेवलं, नजर लागू नये म्हणून. माईकवरून लटारू बरं वाटणार नाही.

वारलू बंदूक शेकोटीजवळ ठेवायची म्हणून मागे लागला होता. मी नाही म्हटलं. बाहेर ओसरीवर, दवात, उघडी ठेवली आहे. थंड लोखंड सरळ राहतं. जिंकल्यावर बंदूक घेऊन आधी बाबूजींच्या फोटोपुढे ठेवीन. मग नारळ.

२६ जानेवारी, गुरुवार. चांदा. दुपार.

लिहायला मन होत नाही. पण रेकॉर्ड म्हणजे रेकॉर्ड.

सकाळी बोटं गार पडलेली. पोलीस मैदानावर बारा जण. मॅच घेणारे म्हातारे रिटायर्ड सुभेदार. त्यांनी शिट्टी वाजवली. मी लिव्हर ओढली, ती येईना. दोन्ही हातांनी ओढली, आली. नेम धरला, चाप ओढला. घोडा खाडकन पडला नाही. म्हातारा माणूस गुडघ्याला हात लावून खाटेवर टेकतो तसा घोडा हळूहळू खाली बसला. आवाज नाही. पुन्हा उभा केला. पुन्हा बसला.

बाजूच्यांचे बार चालू. सुभेदार आले, वाकून आत पाहिलं, बोटाने पांढरं काढलं, वास घेतला. विचारलं, बंदुकीत तूप घातलं का. मी म्हटलं, टोळीचं तेल. मागे बसलेले सगळे चांद्याचे लोक. त्यांना आणखी काही सांगावं लागलं नाही. प्रत्येकाच्या घरी सकाळी तीच शिशी चुलीजवळ असते. एक बाई तर पदर तोंडाला लावून बाहेर गेली.

वारलू सुभेदारांना विचारून काडतुसं काढून बंदूक घेऊन चहाच्या टपरीकडे पळाला. टपरीवाल्याच्या भट्टीजवळ धरली, आपल्या पागोट्याने आतलं पुसत राहिला. परत आणली तेव्हा एक मिनिट उरलं होतं. घोडा खाडकन चालला. मी नेम धरला, डोळे उघडे ठेवले, आणि गोळी निशाणाच्या कार्डाच्या ऐन मधोमध गेली. काळ्या ठिपक्यात. आयुष्यातला माझा सर्वांत चांगला बार.

कार्ड शेजारच्या फॉरेस्ट गार्डचं होतं. त्याच्या कार्डावर अकरा भोकं. माझं कोरं.

हा तांत्रिक मुद्दा आहे. तक्रार करीन म्हणालो. सुभेदार म्हणाले, करा, पण तेल पुसून घ्या आधी. माईकवरून नाव घेतलं ते लटारू असंच घेतलं. मार्क शून्य.

३१ जानेवारी, मंगळवार. मूल.

ठाण्यात जमा करून आलो. हवालदाराने कुंद्याला चिठ्ठी बांधली आणि कोपऱ्यात, जप्त केलेल्या कुऱ्हाडींच्या शेजारी उभी केली. मी म्हटलं, आडवी ठेवा, बाबूजी आडवी ठेवायचे. त्याने ठेवली. रस्त्यात रडलो. धुळीमुळे नाही, रडलोच. इथे खोटं कशाला लिहू.

मनकर्णाने जेवायला वाढलं. नुसतं म्हणाली, येईल.

१८ फेब्रुवारी, शनिवार.

आली.

डी. सी. ऑफिसचा लिफाफा. लायसन्स. कारण: पिकाचं रक्षण. पटवाऱ्याची सही, गावच्या एकेचाळीस जणांचे अंगठे. डिसेंबरपासून हेच चाललं होतं. मला आनंद झाला, खूप झाला, मी तिच्यासमोर कबूल केलं की डुकरं हेही एक कारण आहे.

मग नाव वाचलं. मनकर्णाबाई. बरोबर आहे, वावर तिच्या वडिलांनी आंदण दिलेलं, पटवाऱ्याच्या कागदावर नाव तिचंच. हरकत नाही. खाली आणखी एक रकाना असतो, मालकाशिवाय बंदूक कोण वापरणार त्याचा. त्याला रिटेनर म्हणतात. तिथे लिहिलं आहे: वारलू.

मी विचारलं, माझं नाव कुठे. ती म्हणाली, पटवाऱ्यानं इचारलं, वावरात बसून डुकरं कोण मारते. म्या खरं सांगितलं.

लिफाफ्यात छापील सूचना आहे. लायसन्सदार आणि रिटेनर सोडून इतर कोणीही हत्यार हाताळू नये. म्हणजे बाबूजी म्हणायचे तेच. फक्त आता सरकारी शिक्क्याने.

२२ फेब्रुवारी, बुधवार. पहाटे ५.

उठलो. परवा मनकर्णाने बंदूक ठाण्यातून सोडवून आणली. रात्री वारलूने दोन डुकरं पाडली, दोन गोळ्यांत. रात्रभर मचाणावर आहे. मनकर्णाने किटली भरून दिली. थंड व्हायच्या आत त्याला चहा न्यायचा आहे.