शेवटचं प्रकरण तुझ्यासाठी ठेवलंय

एकलहरे, नाशिक रोड
२९ सप्टेंबर २००३

प्रिय दादास,
अंजूचा सप्रेम जय भीम.

आईचे गुडघे सोडले तर इकडे सगळं ठीक. फोनवर तू 'हां, बरं, ठेवतो' याच्या पुढे जात नाहीस, म्हणून पत्र. हे मध्येच ठेवून देता येणार नाही. म्हणजे येईल, पण ठेवू नकोस.

माझी कादंबरी छापून आली! एकशे बहात्तर पानं, कव्हरवर माझं नाव. आमच्या शाळेतल्या सगळ्या बाईंनी पेढे उकळले. आईनं एक प्रत शोकेसमध्ये कपबश्यांच्या पुढे लावलीय. तुझी वक्तृत्वाची ढाल मागे गेली, त्याला माझा इलाज नाही.

विहारात वर्षावासाचे तिन्ही महिने ग्रंथवाचन अजून अण्णाच करतात. यंदा ग्रंथ लवकर पूर्ण झाला, तर शेजारच्या सुलाबाईंनी परस्पर ठरवून टाकलं, उरलेल्या संध्याकाळी आपल्या अंजूचं पुस्तक वाचायचं. अण्णांची सवय तुला माहीत आहे. पुढचं पान आधी बघायचं नाही, ऐकणाऱ्यांबरोबरच वाचायचं. आधी वाचलं की आवाजातला जीव जातो म्हणतात. नववं प्रकरण तरी आधी वाचा, म्हणून मी आठ दिवस त्यांच्या मागे होते. चहा दिला, चष्मा दिला, पान उघडून दिलं. त्यांनी पुस्तक मिटून बाजूला ठेवलं.

नवव्या प्रकरणात काय असणार, तुझ्या लक्षात आलंच असेल. बारावीच्या परीक्षेला मी हॉल तिकीट घरी विसरले. अण्णा वीजकेंद्रातल्या रात्रपाळीहून आले होते. वॅगन रिकाम्या करताना अंगावर बसलेला कोळसाही न धुता सायकल दामटत कॉलेजच्या गेटवर आले. मैत्रिणींनी विचारलं, कोण गं? आपल्याच बापाबद्दल मी म्हणाले, बाबांच्या हाताखालचा माणूस, बाबा इंजिनिअर आहेत. अण्णांनी ऐकलं. घरी आल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, असं बोलायला कुणी शिकवलं?

मी म्हणाले, दादानं.

तू हॉस्टेलवर राहून शहरी झाला होतास, त्यामुळे ते सगळ्यांना पटलं. तू एका शब्दानं खुलासा केला नाहीस. महिन्याभरात बॅग भरून पुण्याला गेलास. बारा वर्षं अण्णा म्हणत राहिले, पोराला शिकवलं आणि त्याला बापाची लाज वाटायला लागली. मी समोर बसून भात कालवत होते.

खरं सांगते, पहिल्या खर्ड्यातही मी भावालाच दोषी केलं होतं. वाचताना माझी मलाच किळस आली. फाडला आणि पुन्हा लिहायला बसले.

काल अण्णा त्या पानावर आले. विहार गच्च भरलेला. 'मी दादाचं नाव घेतलं, ते खोटं होतं,' इथे थांबले. चष्मा काढला, सदऱ्याला पुसला. मी सतरंजीचे दोरे उपसत बसले होते. मग त्यांनी तेच वाक्य पहिल्यापासून, मोठ्यानं पुन्हा वाचलं आणि प्रकरण पुरं केलं. पुस्तक मिटून म्हणाले, "खोटं बोलायला माझ्या लेकीला एक मिनिट लागलं, खरं लिहायला बारा वर्षं. पण लिहिलं, आणि माझ्याच तोंडून वदवलं."

सुलाबाईंनी आधी पाठीत धपाटा घातला, मग मिठी मारली. दादा, मी रडत होते आणि इतकी आनंदात कधीच नव्हते. घरी येताना अण्णा भेटेल त्याला सांगत होते, गेटवरचा तो काळा माणूस मीच बरं का!

जेवताना मात्र माझ्याकडे न बघता बोलले. "धम्मपालला बोलाव. शेवटचं प्रकरण तो वाचील. मी खाली बसून ऐकणार."

दहा तारखेला, आश्विन पौर्णिमेला समारोप आहे. आई खीर करणार आहे. शेवटच्या प्रकरणात भाऊ घरी येतो. अख्ख्या पुस्तकात तेवढंच मी मनानं रचलंय, तेवढं खरं करायला ये. माफी कागदावर मागत नाही, दारात उभी राहून मागेन.

इंजिनिअरची नव्हे,
कोळसावाल्या सावळीरामची लेक,
तुझी अंजू