सूनबाईची चाकं

प्रिय मामाजी,

तुम्ही असताना मी तुम्हाला 'प्रिय' म्हटलं असतं, तर हातातला लाकूड तासायचा वाकस खाली ठेवून तुम्ही माझ्याकडे बघतच बसला असता. सासऱ्याला कुणी प्रिय म्हणतं का! पण तुम्हाला जाऊन आता चार वर्षं झाली, माझ्या डोक्यावरचा पदरही थोडा सैल झालाय, तेव्हा लिहितेच.

कारण असं, की काल यांनी पिकअपची उंच चाकं उतरवली. वडनेरपासून आपल्या गावापर्यंत डांबरी सडक झाली, मामाजी! त्या तीन मैलांच्या काळ्या चिखलावर आता डांबर आहे आणि कडेला पांढरे दगड. हे म्हणाले, अशा सडकेवर उंच गाडी वळणावर डोलते, मूळची बुटकी चाकं परत लावतो. मी तिथंच उभी होते. त्या वेळी आम्हा दोघांत जे बोलणं झालं, ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. त्यात तुमच्यावर थोडा रागही आहे, तो शेवटी काढीन.

आधी हे सांगू द्या, की मला तुमचं किती नवल वाटायचं!

मी देवळीची, दुकानदाराची मुलगी. बैलबंडीत बसले होते, पण बंडीचं चाक जन्मताना कधी पाहिलं नव्हतं. लग्नानंतर पंधरा दिवसांतच अंगणात धाव चढवताना पाहिली. चाकावर बसवायची ती लोखंडी पट्टी, गोवऱ्यांच्या जाळात लाल झालेली. तीन माणसांनी चिमट्यांत धरून ती आणली, तुम्ही नुसतं 'हं' म्हणालात आणि ती चाकावर बसली. धूर, ज्वाळा, वरून घागरी घागरी पाणी! सगळे मागे सरले आणि तुम्ही मात्र चाकाजवळ कान नेलात. मला खुणेनं बोलावलंत.

"ऐक, सूनबाई. आरे तुंब्यात बसून राह्यले."

आणि खरंच, आतून कटकट आवाज येत होता. थंड होता होता धाव आवळत होती आणि बाभळीचा एकेक आरा मधल्या तुंब्यात घट्ट शिरत होता. कुठं खिळा नाही, कुठं सरस नाही. माझ्या अंगावर काटा आला. नव्या सुनेला अंगणात बोलावून चाकाचा आवाज ऐकवणारा सासरा मी तेव्हाही दुसरा पाहिला नव्हता आणि आजही नाही!

मग पंचाहत्तर-शहात्तरच्या सुमारास गावात टायरच्या बंड्या यायला लागल्या. बैलांना हलक्या जातात म्हणून जो तो रबराची चाकं लावू लागला. तुमच्या अंगणातले चाकांचे दोन जोड तसेच भिंतीला टेकून राहिले. यांना मोटारीचा नाद होताच. एका सकाळी तुम्ही म्हणालात, बाभळीची लाकडं आणाले चाल, आणि हे दोन गिऱ्हाइकांदेखत बोलून गेले, "आता कोन घेते लाकडाची चाकं? सरपनाले कामी येतीन तुमची चाकं!"

तुम्ही 'बरं' म्हणालात. एवढंच. त्या 'बरं'नंतर तुम्ही बापलेक एकमेकांशी बोलला नाहीत. एका घरात, एका चुलीवरचं जेवून! "सूनबाई, त्याले म्हना वैरन संपली." "बाबाले सांग, आनतो." आणि दोघंही तीन हातांवर बसलेले असायचे. वाटायचं, दोघांच्या ताटात मूठभर मीठ घालावं, म्हणजे निदान मिळून ओरडतील तरी.

पुढं यांनी जुनी पिकअप आणली. पुढून जीप, मागे उघडा डाला. वडनेरला माणसं पोचवायची, हिंगणघाटला कापूस न्यायचा. उन्हाळाभर ऐटीत चालली. पावसाळ्यात मात्र नाल्याजवळच्या चिखलात जी रुतली, ती तुमच्याच हातच्या लाकडी चाकांच्या बंडीनं बाहेर ओढावी लागली! सगळं गाव हसलं. तुम्ही हसला नाहीत, हे मी दारातून पाहिलं होतं.

यांना वाटलं, रबर कमी पडलं. नागपूरहून रुंद, जाडजूड टायर आणून लावले. मग तर विचारूच नका! त्या टायरांनी चिखल गोळा करून मडगार्डात असा कोंबला, की चाकं फिरेचनात. पाठोपाठ तीन वेळा गाडी रुतली. तिसऱ्या वेळी डाल्यात तापानं फणफणलेली एक म्हातारी होती. तिला खाटेवर घालून चार माणसांनी वडनेरला नेलं. हे घरी आले, न जेवता ओसरीवर बसले आणि म्हणाले, "विकून टाकतो."

दुसऱ्या दिवशी मी परसात तूर पाखडत होते. तुम्ही येऊन पाठमोरे बसलात आणि भिंतीला सांगावं तसं बोललात.

"रुंद चाक चिखलावर नाचते. आपल्या मातीत हातभर खाली टनक मुरूम हाय. चाकानं चिखल कापून तिथं पाय टेकवाले पायजे. धाव अरुंद पायजे आन् चाक उंच. सोळा इंची हाय नं? वीस इंची लावा म्हना."

मी म्हटलं, "मामाजी, तुम्हीच सांगा ना त्यांना."

"माह्या नावानं सांगशीन तं तो करनार नाई. तुह्या नावानं सांग. माहं नाव काढायचं नाई, शपथ हाय."

मी, जिला सायकलसुद्धा येत नव्हती, मोटारीचा सल्ला देणार! पण तुम्ही माझ्याकडून सगळं पाठ करून घेतलंत. उंच चाक बसल्यावर मडगार्डाची कड किती कापायची, हे कसं ठरवायचं तेही.

"रिकाम्या गाडीचं माप घेऊ नका म्हना. डाला भरा, चाकाले चिखल फासा, सुकानू दोन्हीकडे पुरं फिरवा, मंग माप घ्या. चार बोटं जागा राह्यली पायजे. रिकाम्या बंडीचं माप घेनारा सुतार मी पाह्यला नाई."

मी यांना जसंच्या तसं म्हणून दाखवलं. हे माझ्याकडे बघत राहिले. "हे तुले कोनं सांगतलं?"

"कोण सांगणार? माझ्या मनानं."

खोटं बोलताना माझा आवाज जरासुद्धा हलला नाही, याचं मला तेव्हा मोठं कौतुक वाटलं होतं.

हिंगणघाटच्या वर्कशॉपात भंगारातून आणलेल्या तसल्याच रिमांच्या मधल्या थाळ्या कापून मोठ्या रिमांत वेल्ड केल्या. मग काय तो सोहळा! कापूस वेचणाऱ्या पंधरा बाया डाल्यात बसवल्या. शेजारच्या काकू चाकांना चिखल फासताहेत, हे सुकाणू फिरवताहेत आणि मी मडगार्डाखाली चार बोटं घालून बघतेय! उजवीकडे वळवलं तर दोनच बोटं मावली. रिकामी मोजली असती तर तिथं खुशाल पाच मावली असती, मामाजी! कड कापली, वर स्प्रिंगच्या कमानीला एक पाटा वाढवला. पहिल्याच झडीत पिकअप नाल्यातून अशी गेली, की पलीकडे उभे असलेले लोक टाळ्या वाजवायला लागले. आणि टाळ्या कुणाला? मला! तेव्हापासून सगळ्या गावात त्यांना 'सूनबाईची चाकं' म्हणतात. मी मान खाली घालायची, तर लोकांना तो विनय वाटायचा.

तुम्ही तेवढ्यावर थांबला असतात तरी मी थक्क झाले असते. आठच दिवसांनी तुम्ही पुन्हा परसात आलात.

"सूनबाई, गाडीत ते काट्याचं घड्याळ असते नं, ते चाकाचे फेरे मोजते का जमीन मोजते?"

मला प्रश्नच कळला नाही. यांना विचारलं. हे जेवता जेवता थांबले, घास तसाच हातात. म्हणाले, "फेरेच मोजते. काऊन?" मी येऊन तुम्हाला सांगितलं. तुम्ही मान हलवलीत.

"मंग ते आता खोटं बोलन. चाक मोठं झालं, एका फेऱ्यात जास्त जमीन जाते. काटा कमी सांगन आन् गाडी जास्त पळन."

मामाजी! तुम्ही त्या गाडीत एकदाही बसला नव्हता. गाडीतलं घड्याळ तुम्ही फक्त खिडकीतून पाहिलं होतं. शाळेत तुम्ही दोनच वर्षं गेलात. आणि वर्कशॉपातल्या कुणालाही सुचलं नाही ते तुम्हाला खाटेवर पडल्या पडल्या सुचलं! मग मी तुमच्या सांगण्यावरून टायरवर खडूची खूण केली, गाडी एक फेरा पुढे घेतली, दोरीनं मोजलं. जुन्या चाकाचंही मोजलं. जुन्याच्या सात फेऱ्यांत जेवढी जमीन जायची, तेवढी नव्याच्या सहातच गेली. मी दोरी हातात घेऊन अंगणात बसूनच राहिले. देवळीच्या शाळेत गणितात मला नेहमी चांगले मार्क असायचे, पण गणित जमिनीवर असं आडवं पडलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

आणि मग तुम्ही ते बोललात, ज्यासाठी हा सगळा खटाटोप होता. आवाज एकदम खाली आणून.

"मोठं चाक थांबवाले जड जाते. ब्रेक तेच हायेत, लहान चाकाचे. त्याले म्हना, उतारावर आधीच हळू करजो. काट्यावर भरवसा ठेवू नको."

तेव्हा मला कळलं, त्या आठ दिवसांत तुम्ही रात्र रात्र खाटेवर जागे का असायचात.

तुम्ही पिकअपमध्ये बसलात ते फक्त एकदा, छातीचं दुखणं वाढलं तेव्हा. हिंगणघाटच्या दवाखान्यात जायचं होतं. हे चालवत होते, तुम्ही दाराशी आणि मी मध्ये. पुलाचा उतार आला. यांनी लांबूनच गाडी हळू केली, काट्याकडे बघितलंसुद्धा नाही. तुम्ही समोर बघत म्हणालात, "सूनबाई, बरोबर चालवते हो."

मी मान वळवून म्हटलं, "मामाजी म्हणतात, बरोबर चालवता."

"सांग, आयकू आलं."

मी परत इकडे वळले, "मामाजी, त्यांना ऐकू आलं."

"हं."

हसावं की रडावं! एका बाकावर तिघं, खांद्याला खांदा लागलेला, आणि मी टपाल वाटतेय! शेवटच्या आठवड्यातही हे तुमच्या पायथ्याशी बसून तळपायांना तेल चोळायचे आणि तुमचं बोलणं एवढंच, "पानी?" "हं."

तुम्ही गेल्यावर मला ती शपथ फार जड झाली. हे कधीकधी गाडी पुसता पुसता शून्यात बघत बसायचे. मला वाटायचं, हा माणूस असं समजून जगतोय की बापानं आपल्या गाडीकडे ढुंकून पाहिलं नाही. आणि बापानं तर त्या गाडीचं एकेक बोट मोजलं होतं! ज्या रबरानं तुमची चाकं भिंतीला टेकवली, त्याच रबराला तुम्ही तुमची सगळी विद्या दिलीत, तीही स्वतःचं नाव पुसून. एवढं मोठं मन कुठून आणलंत? आणि आणलंत तर त्यातलं वीतभर खर्च करून त्याला एकदा हाक का मारली नाहीत?

म्हणून काल चाकं उतरत असताना मी शपथ मोडली. म्हटलं, "अहो, ही अक्कल माझी नव्हती. सगळं मामाजींनी सांगितलेलं."

हे नट सैल करत होते. मान वर न करता म्हणाले, "मले मालूम हाय."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. तू मले म्हनलं, धाव अरुंद पायजे. टायरले धाव म्हननारा या गावात एकच मानूस होता."

मी म्हटलं, "मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तं बाबानं तुह्याजवळबी सांगनं बंद केलं असतं." पाना खाली ठेवून ते चाकावर बसले. "स्प्रिंगचं इचारलं, ब्रेकचं इचारलं, तू म्हने उद्या सांगते. मी तुले कुठं इचारत होतो? मी बाबाले इचारत होतो."

आणि मग ते रडले, मामाजी. हातांना ग्रीस होतं म्हणून मनगटानं डोळे पुसत. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं, तुम्ही गेलात तेव्हासुद्धा.

आता माझा राग ऐका. तुम्हालाही ठाऊक होतं ना, की त्याला ठाऊक आहे? मी ब्रेकचं विचारायला तुमच्याकडे यायची, तेव्हा तुम्ही आधीच उत्तर तयार ठेवून बसलेले असायचात. तो प्रश्न माझा नाही, हे तुम्हाला कळत नव्हतं? चाकाजवळ कान नेऊन आरे बसल्याचं ऐकणारा माणूस! म्हणजे तुम्ही दोघं सात वर्षं एकमेकांशी बोलत होतात आणि गुपित सांभाळत होते ते फक्त मी! राग आलाय तो फसवल्याचा नाही. मला वाटत होतं, मी तुम्हा दोघांना जोडतेय. पण मी मध्ये होते, म्हणूनच तुमचं भागत होतं. मी एक दिवस 'नाही जात' म्हणून पाय आपटला असता, तर कदाचित तुम्ही उठला असतात.

आज सकाळी तुमची नात वंदना माझ्यामागे स्वयंपाकघरात आली. मोठी झालीय, तुमच्यासारखीच हट्टी. पुढच्या वर्षी तिला वर्ध्याला राहून शिकायचंय, आणि तिच्या बापाला ती घराबाहेर नको. दोन दिवस दोघांत अबोला. म्हणाली, "आई, तू सांग ना बाबाले."

मी पदर खोचून उठले होते, मामाजी. उंबऱ्यापर्यंत गेलेसुद्धा. मग परत आले आणि खाली बसले.

"मी नाही जात. बाबा ओसरीवर आहेत. तूच जा."

तिनं पाय आपटले, रडली, शेवटी गेली. मग दोघांचे आवाज चढले, चांगलेच चढले. पोळी तव्यावर करपली, पण मी उठले नाही.

तुम्हाला वचन देते, मामाजी. या घरात यापुढे मी कुणाचा निरोप कुणाला नेणार नाही. भांडले तर भांडू देत, समोरासमोर भांडू देत. ओसरीवर अजून चाललंय दोघांचं, आणि मी स्वयंपाकघरात बसून हे लिहितेय.

तुमची सून,
कमल