सहा दिवस न उघडायचा ढीग

तीर्थरूप ओपोकूमामांना,

कुमासीच्या कॉलेजातून सेर्वाचा वाकून नमस्कार. गुडघे काय म्हणतात? मामींच्या शेळीला जुळं झालं म्हणे, दोघींचं अभिनंदन. मी मजेत आहे, म्हणजे आता आहे. फोनवर तुम्ही मला तिसरं वाक्य बोलू देत नाही, म्हणून हे पत्र.

आमच्या अग्बेको मॅडमनी प्रत्येकाच्या हातात एकेक शोधनिबंध ठेवला. दहा मिनिटांत वर्गाला समजावून सांगायचा, नाही जमलं तर शेतकीशास्त्र सोडून दुसरा विषय घ्यायचा. आई नर्सिंगवर अडून बसली असताना अख्ख्या घराशी भांडून तुम्ही मला इथे धाडलंत, आता कुठल्या तोंडाने परत येऊ? त्यात निबंध निघाला कोकोवर. म्हटलं, हे तर आपल्या घरचंच! कसलं काय. आपल्या अंगणात पाहुणा आला की आधी खुर्ची, मग पाणी, मग सगळ्यांची ख्यालीखुशाली, आणि मग तुम्ही विचारता, काय काम काढलंत? हा निबंध दारातूनच ओरडून काम सांगतो! पहिल्याच परिच्छेदात! मला मेलीला त्याचीच लाज वाटली, आणि तो परिच्छेद मी शहाण्यासारखा सोडून दिला. पुढे ओळीओळीला कंसात थोरामोठ्यांची नावं. त्यांना ओलांडून कसं जायचं? म्हणून आधी त्यांचे निबंध काढले. त्यांच्याही कंसात आणखी चाळीस माणसं. तीन आठवड्यांत एकसष्ट निबंध उघडले आणि स्वतःच्या निबंधात होते पहिल्या पानावर, चौथ्या ओळीत. (खोलीतली एसिनाम म्हणाली, "बाई गं, तू वाचतेयस की मयताला आलेल्या प्रत्येकाशी हात मिळवत फिरतेयस?")

शेवटी रडतच मॅडमकडे गेले आणि आपल्या अंगणातल्या पाहुण्यापासून सगळं सांगितलं. त्या पोटभर हसल्या. म्हणाल्या, "पाहुण्याने काम सांगितलं ना? मग पुढे तुझे मामा काय करतात?" म्हटलं, उलटतपासणी. "मग कर की!"

मामा, मग मी तुमच्यासारखी मांडी ठोकून बसले. गावं किती? एक. हंगाम किती? एकच. कोकोचे ढीग किती? सहा. आणि एवढ्यावर त्याचं म्हणणं काय, तर आंबवायचा ढीग तिसऱ्या दिवशी उघडून उलटला की दाणे जास्त चांगले होतात. (शांत व्हा. पाणी प्या.) वर्गात नऊ मिनिटांत सगळं सांगितलं आणि शेवटी विचारलं, दुसऱ्या गावात असंच होतं का, कुणी पाहिलंय? मॅडम म्हणाल्या, "तूच बघ. बघून आलीस की तुझी जागा पक्की." त्या रात्री मी तीन आठवड्यांनी पोटभर जेवले.

मामींना नमस्कार, पोरांना पापे.

तुमचीच भाची,
सेर्वा

ता.क. तर बघायला ढीग लागतो, आणि आपल्या घरात ढीग तुमचा. "सहा दिवसांच्या आत हात लावेल त्याचा हात मोडीन" हे मला पाठ आहे. मी फक्त अर्धा मागतेय.

ता.क. २. मागतेय म्हणजे, होऊन गेलंय. मंगळवारी तुम्ही गावच्या प्रमुखांच्या बैठकीला गेलात तेव्हा आईने अर्धा ढीग वेगळा केला आणि गुरुवारी उलटला. (हो, तीच नर्सिंगवाली!) तिला काही बोलू नका. हात मोडायचाच तर माझा मोडा, सुट्टीत घेऊन येते. फक्त वाळल्यावर दोन्हीकडचे शंभर-शंभर दाणे चिरा आणि आतून नीट आंबून तपकिरी झालेले किती निघाले ते कळवा. माझ्याविरुद्ध गेलं तरी खरं तेच लिहा, भाची म्हणून एक दाणाही जास्त धरू नका.

आणि तुमच्याविरुद्ध गेलं तरी.