निरगाठ

सोमवार, १८ जुलै २००५. दिवेलागण.

वारा दुपारपासून वाढतोच आहे. वाळत घातलेली चादर दोनदा उडाली.

दादानं गोव्यात हॉटेलात कामाला असताना पाहिलं होतं. मोठा पतंग कमरेला बांधून माणसं फळीवर उभी राहतात अन् वारा त्यांना पाण्यावरून ओढत नेतो. उद्या सकाळी तो आपल्या तलावात तेच करणार. पतंग मीच शिवला, जुन्या छत्र्यांच्या कापडाचा. त्याचा दोर कमरपट्ट्याला बांधला, तोही मीच. निरगाठीनं.

"पक्की मार," दादा म्हणाला. "मागच्या खेपेला गाठ सुटली अन् पतंग एकटाच उडून गेल्ता."

"मंग तुलाच सुटायचं झालं तर?"

"मी काय बैल हाय का, दावं सोडायला?"

मी हसले. का हसले? शाळेच्या आधी आईनं मला गाठी शिकवल्या. जनावर बांधायचं ते सुरगाठीनंच, म्हणजे आग लागली तर एका हिसक्यात सुटतं.

पट्टा घेऊन दादा तलावापलीकडे मित्राच्या शेतावर मुक्कामाला गेला. तलावाच्या बांधाला सगळे दगड आहेत, अन् वारा नेमका तिकडेच वाहतो आहे. ओल्या हातांनी ती गाठ त्याला सुटेल? मला तरी सुटली असती का?

अण्णांना सांगायचं नाही, अशी शपथ घातलीय त्यानं. वडिलांपासून मी आजवर काही लपवलं नाही, अन् शपथही कधी मोडली नाही.

आत्ता बॅटरी घेऊन गोठ्यात जाऊन आले. पाचही दाव्यांना सुरगाठी आहेत.

अण्णा ओसरीवर बसलेत. त्यांच्याकडे जाते.