पंच्याण्णव टक्क्यांची मेणबत्ती

३ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून रोजनिशी. विभागप्रमुखाची जागा रिकामी झाली आहे आणि ती भरायला आमच्या मेणबत्ती कारखान्यात माझ्याशिवाय आहे कोण? गुणवत्ता विभागात बावीस वर्षं. मेणबत्ती नुसती हातात घेतली की किती वेळ जळेल ते सांगतो. कोणी मोजून पाहिलेलं नाही, तो भाग वेगळा.

नव्या मॅनेजर मॅडमनी बोलावलं. वयाने माझ्या मुलाएवढ्या. एक मोठी हॉटेल कंपनी माल घेणार आहे. आपली मोठी मेणबत्ती सरासरी किती वेळ जळते, ते त्यांना कॉन्फिडन्स इंटरव्हलसकट हवंय. एकवीस तारखेला मीटिंग. मी म्हटलं, अगदी सहज.

जागेवर येऊन विचार केला. कॉन्फिडन्स माझ्याकडे भरपूर आहे. इंटरव्हल म्हणजे मध्यंतर. दोन्ही मिळून काय होतं, बघू.

४ फेब्रुवारी
सुनेला विचारलं. म्हणजे विचारलं नाही, विषय काढला. लग्नाआधी ती कॉलेजात हेच शिकवायची. इथे आल्यापासून नोकरी शोधते आहे. म्हणाली, बाबा, सगळ्याच मेणबत्त्या जाळल्या तर विकणार काय? म्हणून थोड्या जाळायच्या, आणि त्यावरून सगळ्यांची खरी सरासरी कुठून कुठपर्यंत असेल, तो पट्टा सांगायचा. मी म्हटलं, हे मला ठाऊकच होतं, फक्त नाव माहीत नव्हतं. ती हसली. आदर आहे तिला.

९ फेब्रुवारी, रविवार
प्रयोग घरीच करणार. कारखान्यात केला तर लॅबमधल्या पोरांना वाटायचं, मी शिकतोय.

पाच मेणबत्त्या आणल्या. सरळ, गुळगुळीत, देखण्या. सुनेने विचारलं, निवडल्या कशा? म्हटलं, अनुभवाने. तर म्हणते, अनुभव बाजूला ठेवा, न बघता उचला आणि निदान तीस आणा. ज्यात अनुभवाची अडचण होते, ते कसलं शास्त्र!

१६ फेब्रुवारी, रविवार
तीस मेणबत्त्या. बारा बाथरूममध्ये, दहा स्वयंपाकघरात, आठ बाहेरच्या खोलीत. आमची ही अंघोळीला शेजारी गेली. जाताना काही बोलली नाही. हिचं न बोलणं फार मोठ्याने ऐकू येतं.

दोन मेणबत्त्या भलत्याच लवकर विझल्या. नादुरुस्त म्हणून मी त्या मोजणीतून काढल्या. सुनेने हळूच परत घातल्या.

सरासरी सहा तास दोन मिनिटं. पंच्याण्णव टक्के खात्रीचा पट्टा साधारण पावणेसहा तास ते सहा तास वीस मिनिटं. गणित सुनेने केलं, देखरेख माझी.

१७ फेब्रुवारी
पंच्याण्णवच का? माझी नव्व्याण्णव टक्के खात्री आहे. करून पाहिलं तर पट्टा आणखी रुंद झाला! खात्री वाढवली की बोलणं सैल होतं, हा कुठला न्याय? माझी खात्री जितकी जास्त, तितकं मी नेमकं बोलतो. ही म्हणाली, आणि तितकंच चुकीचं.

शंभर टक्के हवी असेल तर? सून म्हणाली, मग शून्यापासून वाट्टेल तितकी, एवढंच सांगता येईल. पंच्याण्णववर राहिलो आणि तीच फाईल मॅडमना पाठवली. मोठेपणा.

१९ फेब्रुवारी
सुनेने अर्थ सांगितला. असाच प्रयोग शंभरदा केला तर शंभर वेगवेगळे पट्टे निघतील. त्यांतल्या साधारण पंच्याण्णव पट्ट्यांत खरी सरासरी सापडेल. केवढं लांबण! मी सोपं केलं: शंभरातल्या पंच्याण्णव मेणबत्त्या पावणेसहा ते सहा-वीसपर्यंत जळतात. ती म्हणाली, नाही बाबा, पट्टा सरासरीचा आहे, एकेका मेणबत्तीचा नाही. दोनदा म्हणाली. मी तिला पुन्हा नीट समजावून सांगितलं. मग गप्प झाली. पटलं असावं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार
मीटिंग झाली.

मी उभा राहून सांगितलं, खोक्यातली कोणतीही मेणबत्ती उचला, पंच्याण्णव टक्के खात्रीने सांगतो, पावणेसहा तासांच्या आत विझायची नाही. मॅडम माझ्याकडे बघायला लागल्या. मला वाटलं, कौतुकाने.

हॉटेलच्या खरेदी अधिकाऱ्याने खरंच एक उचलली, पेटवली आणि टेबलाच्या मधोमध ठेवली. मग दिवसभर दर, पॅकिंग, वाहतूक वगैरे. काय ठरलं ते मला माहीत नाही. मी ज्योतीकडे बघत होतो. जेवणानंतर ती एका बाजूला कलली. पाच तासही झाले नव्हते तेव्हा विझली.

मी म्हटलं, पंखा. मॅडम म्हणाल्या, पंखा बंद आहे.

मग त्यांनीच पाहुण्यांना समजावलं, की पट्टा सरासरीचा आहे, एकेका मेणबत्तीचा नाही. शब्द अगदी सुनेचेच. ऑर्डर टिकली. बाहेर आल्यावर मला थांबवलं.

“हिशोब चोख आहे. कोणी केला?”

“घरीच केला.”

“घरी कोणी?”

सांगावं लागलं. त्या म्हणाल्या, त्यांना मला भेटायला सांगा, असं माणूस आपल्याला हवंच आहे. विभागप्रमुखाच्या जागेचा विषय मी काढला नाही. त्यांनीही नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार
निरोप अजून दिलेला नाही. सून कपडे वाळत घालत होती. नोकरीसारखा विषय असा ओल्या चादरीआडून काढू नये. शिवाय मुलगा दौऱ्यावरून परत येऊ दे. घाई कसली?

२५ फेब्रुवारी
सून कुठेतरी मुलाखत देऊन आली. चेहरा उतरलेला. चहा मीच केला. निरोप अगदी ओठांवर आला होता. साखर किती, ते विचारलं.

२७ फेब्रुवारी
अखेर सांगितलं. प्रस्तावना जरा लांबली. कारखाना, माझी बावीस वर्षं, मीटिंगमधली खेळती हवा. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, “बाबा, मॅडमचा मेल मला शनिवारीच आला. फाईल तुम्ही माझ्या मेलवरून पाठवली होती ना.”

विचारलं, मग बोलली का नाहीस?

“तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते. त्यांना उत्तरही दिलं नाही अजून.”

तिने उत्तर तिथेच बसून लिहिलं.

२८ फेब्रुवारी
सून सोमवारी रुजू होते. मॅडमनी तिला कामं लिहून पाठवली आहेत. पहिलं काम: गुणवत्ता विभागातल्या जुन्या लोकांना हा विषय पहिल्यापासून शिकवणे.

विभागात जुना मी एकटाच.