शिशाची अमूल्य नाणी

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर,
गुरुवार, दि. ७ फेब्रुवारी १९७४

चि. सिद्धाराम यास मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. इकडे सर्व ठीक. तुझी आई काल सात रस्ता चौकात दिसली. भाजीवाल्याशी कानडीत भांडत होती, म्हणजे अक्काची प्रकृती उत्तम आहे. तुझी मामी गेले आठ दिवस माझ्याशी बोलत नाही, त्यामुळे घरात शांतता आहे.

तू विचारलंस, जुनी नाणी जमवायला सुरुवात करावी म्हणतो, यातले फायदे आणि धोके कळवा. वकिलीच्या अभ्यासाच्या पहिल्याच वर्षात दोन्ही बाजू मागायला शिकलास. छान.

फायदा आधी सांगतो, कारण तो लवकर संपतो. दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी बाजारात मोजून दिलेली वस्तू तुझ्या तळहातावर येते. भिंगाखाली धरलीस तर आधी नुसता मळ दिसतो. मग सोंड दिसते, मग पाय, मग कडेला एखादं ब्राह्मी अक्षर. तेवढा वेळ हेडमास्तर, महागाई, सांधेदुखी यांतलं काही उरत नाही. हा फायदा खरा आहे. मी वीस वर्षं त्यावर काढली.

आता धोके. पहिला, खोटी नाणी. एका सद्गृहस्थाने मला ग्रीक राजाचं चांदीचं नाणं विकलं. राजाच्या नाकावर कानशीचे ओरखडे होते. ते कळायला मला वर्ष लागलं आणि तेवढं वर्षभर मी ते वर्गात मुलांना दाखवत होतो. इतिहास असाही शिकवता येतो.

दुसरा धोका घरचा. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला तुझ्या मामीने देवाच्या भांड्यांबरोबर माझी सतरा तांब्याची नाणीही चिंच लावून घासली. लखलखीत झाली. सतराही राजे मोरीतून गेले. मी डोक्याला हात लावून बसलो तर म्हणाली, "घाण होती, काढली. रडायला काय झालं?"

तिसरा धोका कायद्याचा. तो तू शिकशीलच, असं लिहून मी पुढे जाणार होतो. पण तू शेवटी सहज विचारलंस, "मोहोळकडच्या त्या नाण्यांचं पुढे काय झालं? तुमचा लेख मी इथे मित्रांना दाखवतो." नको दाखवूस.

दुष्काळात मोहोळजवळ एका गावात पाझर तलावाचं काम निघालं होतं. गावाचं नाव लिहीत नाही, एकदा लिहिलं ते पुरे झालं. तिथे धोंडीराम नावाच्या मजुराच्या कुदळीला मडकं लागलं. आत सातवाहनांची हत्ती-छापाची शिशाची नाणी. सोनाराने नखाने खरवडून पाहिली आणि परत केली. कुणीतरी त्याला सांगितलं, सोलापुरात एक येडा मास्तर हाय, असली घाण घेतो. तो आला, एकोणीस नाणी धोतराच्या सोग्यात बांधून.

"पैसं नगं, गुर्जी," तो म्हणाला. "कामावरची सुकडी खाऊन पोरं कटाळली. ज्वारी असली तर बघा की."

मामीच्या माहेरून आलेलं पोतं होतं. नाण्यामागे एक पायली, असं ठरलं. ठरवलं मीच. जाताना उंबऱ्यात थांबून त्याने विचारलं, "हे सरकारला दावाय लागतं म्हणं. व्हय वो?"

इंग्रजांच्या वेळचा कायदा आहे, पुरलेलं दहा रुपयांवरचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवायचं. मला तो पाठ आहे. मी म्हणालो, "शिसं आहे रे, कोण विचारतंय. दाखवलंस तर कचेरीच्या पायऱ्या झिजवत बसशील. गप्प राहा."

पाच महिने आम्ही दोघंही गप्प राहिलो. मग माझ्याच्याने राहवलं नाही. घरात कपाटात हत्ती झुलतायत आणि गावात मला कुणी ओळखत नाही, हे फार दिवस सोसत नाही. मी लेख लिहिला. आता, नाणं कुठे सापडलं ते सांगितलं नाही तर विद्वान त्याला विचारत नाहीत. म्हणून मी गाव दिलं, तलावाचं काम दिलं, आणि नाण्यांना 'अमूल्य' म्हटलं. धोंडीरामचं नाव तेवढं दिलं नाही. श्रेयाच्या बाबतीत मी काटकसरी आहे.

पंधरा दिवसांत फौजदार शाळेत आला. तलावावर मडकं कुणाला लागलं हे त्याने आधीच काढलं होतं. मी नाणी पुढे ठेवली आणि जबाब लिहून दिला की, सरकारला कळवलं आहे असं सांगून या इसमाने ती मला अभ्यासाला दिली. शाळेने माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. धोंडीरामवर खटला झाला. आरोपपत्रात मुद्देमालाच्या वर्णनात एक शब्द आहे, 'अमूल्य'. आधार, माझा लेख.

आठ दिवसांपूर्वी त्याची बायको बजाबाई घरी आली. बस म्हटलं तर बसली नाही.

"गुर्जी, तेनी फौजदाराला ज्वारीचं सांगितलं न्हाय. तुमी गप ऱ्हा म्हणला व्हता, ते बी न्हाय."

"का?"

"म्हणले, दुस्काळात पोटाला घातलं त्या मानसानं. त्याला कशाला अडकवायचं."

मी पाणी घेणार का, असं काहीतरी विचारलं.

"पानी नगं. पुढल्या हप्त्यात, अकरा तारखंच्या सोमवारी तुमची साक्ष हाय. खरं काय ते बोला की. वकील म्हणतोय, शिकल्याल्या मानसानं सांगितलं म्हणून ह्यो गप बसला, एवढं निगालं तरी जज्ज सोडंल." मग तिने कनवटीचं एक नाणं काढून माझ्या हातावर ठेवलं. "एक घरात ऱ्हायलं व्हतं. पोरगी खेळत व्हती. घ्या, तुमाला लागतं न्हवं."

सिद्धाराम, मी काय केलं ते ऐक. मी ते नाणं उजेडाकडे धरलं. त्याच्या कडेला एक अक्षर होतं, बाकीच्या एकोणिसांवर नसलेलं. मी भिंग आणायला आत गेलो. बाहेर आलो तेव्हा बजाबाई गेली होती आणि दारात तुझी मामी उभी होती.

"ती रडत होती," मामी म्हणाली. "तुम्ही अक्षर वाचत होता." तेव्हापासून ती बोललेली नाही.

खरं बोललो तर मी गुन्ह्यातला साथीदार. नोकरी जाईल, संग्रह जाईल, शाल परत मागतील. खोटं बोललो तर धोंडीराम वर्षभरासाठी आत जाईल आणि मला पुढच्या लेखाला वेळ मिळेल. रोज सकाळी मी खरं बोलायचं ठरवतो. शाळा सुटून घरी येईपर्यंत न बोलण्याची दोन-तीन उत्तम कारणं सापडलेली असतात. शिकलेल्या माणसाला कारणांचा दुष्काळ नसतो.

म्हणून सोबत एक कागद आहे. ज्वारी, पायली, मी धोंडीरामला काय सांगितलं, फौजदाराला काय सांगितलं, ते विसावं नाणं, सगळं माझ्या अक्षरात, सहीनिशी. पत्र रजिस्टर करतोय, शनिवारी तुला मिळेल. रविवारी दुपारच्या गाडीने निघ. सोमवारी अकराला इथल्या कोर्टात मागच्या बाकावर बस. मी खरं बोललो तर कागद फाडून टाक. नाही बोललो, तर उठून तो धोंडीरामच्या वकिलाच्या हातात दे. त्या वेळी माझ्याकडे बघू नकोस. मी तुझ्याकडे बघेन, आणि मला केविलवाणा चेहरा करता येतो.

अक्काला यातलं काही कळवू नकोस. ती भावाला वाचव म्हणेल, आणि तू आईचं ऐकतोस.

स्वतःचा भरवसा नसलेला, म्हणून तुझ्या भरवशावर राहिलेला,
तुझा मामा
वीरभद्रप्पा