कापलेलं शेपूट

पनवेल, शुक्रवार, जानेवारी १९९१

वारा कापला जावा, पेट्रोल वाचावं म्हणून मोटारसायकलवर बसवायच्या फायबरच्या कवचाला मी निमुळतं शेपूट दिलं होतं. आपटा गावाच्या रस्त्यावर स्वतः चालवून कितीदा तपासलं. आज शोरूममध्ये गेलो, तर मालकांनी ते शेपूटच करवतीनं कापलेलं.

"मागे बायको कुठे बसणार हो? पुढून विमान दिसतंय ना, बस्स. ॲव्हरेज कोण मोजतंय?"

सगळा फायदा त्या शेपटातच होता. सांगितलं नव्हतं का मी? आणि उरलेल्या थोटकावर लाल रंगात 'पेट्रोल बचत कवच', खाली माझं नाव. किळस आली. तिथलंच थिनर घेऊन नाव पुसलं.

मालक शांतपणे म्हणाले, "बरं, दुसऱ्याचं घालतो."